तीनशे चुकीची पुस्तकं

९ जानेवारी

मुला,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आधी ते पचव, मग पुढे वाच. शेजारच्या शिंपीकाकांनी लिहून दिलेलं नाही, तुझ्या मुलीकडूनही लिहून घेतलेलं नाही. ओळी खाली घसरतात कारण टेबलाचा एक पाय आखूड आहे, आणि शब्दांमधे जागा जास्त आहे कारण प्रत्येक शब्दानंतर मी जरा दम खाते. सहासष्टाव्या वर्षी एवढी मुभा असावी.

फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस. दर रविवारी शिंपीकाकांच्या दुकानात फोन करतोस, पोरीशी पाच मिनिटं बोलतोस आणि फोन माझ्या हातात आला की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही.

तुझा निरोप पोचला. शाळेनं तुला कळवलं की तुझी मुलगी तिसरीत असून तिला दोन शब्द धड वाचता येत नाहीत, तिनं वर्गातल्या एका मुलीचं पुस्तक फाडलं आणि त्याच मुलीला ती चावलीही. म्हणून जूनमध्ये तू तिला तुझ्या कारखान्यापासून दोन तासांवरच्या वसतिगृहात टाकणार, आणि मी एप्रिल संपताना शाळेतून तिचा दाखला काढून ठेवायचा.

दाखला मी काढणार नाही. तिची आई गेल्यापासून तीन वर्षं पोर माझ्याकडे आहे. शाळेत नाव मी घातलं, पालकाच्या जागी सही माझी आहे. ती सही हलणार नाही.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. मागच्या वर्षी मी तुला कळवलं होतं की गुडघे गेले म्हणून बाइंडिंगखान्यातलं काम सोडलं. गुडघे ठणठणीत आहेत. मला काढलं.

तुला ते काम ठाऊक आहे, पण कधी लक्ष देऊन पाहिलं नसशील. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्म्यावर फर्मा रचून पुस्तक शिवायचं. कुठला आधी, कुठला नंतर हे कळावं म्हणून फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो आणि त्याच्या शेजारी पुस्तकाचं नाव. आकडा मला वाचता यायचा. नाव नाही. दुसरीपर्यंत शिकले होते, पण अक्षरं माझ्या लेखी लांबच्या नातेवाइकांसारखी झाली होती, चेहरा ओळखीचा आणि नाव आठवत नाही. एकतीस वर्षं टेबलावर एका वेळी एकच पुस्तक आलं, म्हणून कधी अडलं नाही.

मग एकदम दोन आली. एक साळिंदराची गोष्ट आणि एक मुलांच्या कविता. कागद तोच, आकार तोच, शाई तीच. मी साळिंदराचा एक नंबर घेतला, त्यावर कवितांचा दोन नंबर ठेवला, त्यावर साळिंदराचा तीन नंबर, आणि अशा तीनशे प्रती रचल्या. शिवून झाल्या, पाठीला सरस लागला, कडा कापून झाल्या. मग फोरमननं एक प्रत उघडली.

"आजी, इथे नाव छापलंय की स्पष्ट."

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

तो म्हणाला, "तुम्हाला चष्मा होता कधी?"

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी दोन शब्द ऐकवले असते. "आता घरी बसा," म्हणाले, "आणि ही रद्दी घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको." शिंपीकाकांच्या हातगाडीच्या तीन खेपा झाल्या. पलंगाखाली पुस्तकं, कपाटावर पुस्तकं, दारामागे पुस्तकं. दार आजही पुरतं उघडत नाही.

तुझी मुलगी तेव्हा शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. मी एक प्रत उचलली आणि चित्रं बघत गोष्ट रेटून सांगायला लागले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, काल साळिंदराला बायको होती."

"असेल."

"आज नाहीये."

"माहेरी गेली."

तिनं पुस्तक घेतलं, माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली, आणि चित्र नसलेलं एक पान उघडून माझ्या हातात दिलं. "हे वाच." मी वाचलं. चांगली लांबलचक गोष्ट सांगितली. संपल्यावर ती म्हणाली, "पुस्तक उलटं आहे."

आणि मग हसली. तुझी मुलगी, जिला अख्खी गल्ली गुंडी म्हणते, कारण ती तेवढीच गोल आहे आणि तशीच कधीही निसटते, ती आई गेल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली. "तुलाही येत नाही," म्हणाली. जणू मी तिला काहीतरी बक्षीस दिलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी शिकतो आहोत. एकाच पुस्तकाच्या तीनशे प्रती असल्यामुळे भांडण होत नाही.

तुझी आई
(सही खरी आहे)

२ फेब्रुवारी

शहाण्या मुला,

चार ओळींचं उत्तर मिळालं. "घरी गोष्टी सांगून कोणी शिकत नाही. तिला शिस्त हवी. दाखला काढ. हे सगळं कोण लिहून देतं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. शिस्तीचं आता देते.

शाळेत त्यांना आठवड्यातून एक तास चांगुलपणाचा असतो. बाई फळ्यावर वाक्य लिहितात, पोरांनी ते उतरवायचं. गुंडीनं "सर्वांशी प्रेमाने वागावे" वीस वेळा उतरवलं. एकही शब्द न वाचता, चित्र काढावं तसं. आणि त्याच दुपारी चावली. वही माझ्याकडे आहे, अक्षर सुरेख आहे.

कोणाला चावली तेही ऐक. वर्गात एक चष्मेवाली आहे, सगळ्यांत भरभर वाचणारी. गुंडी वाचायला उभी राहिली की ती तोंडावर हात ठेवून हसायची. म्हणून तिचं पुस्तक फाडलं, आणि ती रडायला लागली तर वर चावली. मी गुंडीला मारलं नाही आणि समजावलंही नाही. फाटलेलं पुस्तक शाळेतून मागून आणलं, टेबलावर ओतलं, खळ शिजवली, पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि म्हटलं, "तू फाडलंस, तू जोड."

"मला येत नाही."

"मला येतं. बस."

एका पानाचे अकरा तुकडे होते. फाटलेलं पान जोडायचं तर नुसती कड जुळवून भागत नाही. अर्धं अक्षर या तुकड्यावर, अर्धं त्या तुकड्यावर. 'घर'मधला घ सापडला तर र कुठे आहे हे शोधावं लागतं, आणि शोधायला शब्द मनात म्हणावा लागतो. म्हणजे वाचावं लागतं, बाबा. दोन दिवस आम्ही दोघी एका पानाशी झटापट करत होतो. नऊ पानं जोडायला सतरा दिवस लागले. शेवटच्या पानाशी ती तुकडा हातात घेऊन म्हणाली, "हा 'आणि' आहे. हा कुठेही बसेल." मी बाइंडर आहे, मला माहीत आहे की कारागीर कधी तयार होतो.

पुस्तक परत द्यायला ती एकटी गेली. मी गेले नाही. काय बोलली तेही मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता चष्मेवाली आमच्या जिन्यात उभी. म्हणाली, "माझ्या पुस्तकाला सांधा दिसतच नाहीये. मला शिकवता का?"

मी म्हटलं, "हसणार नसशील तर बस."

आता रोज पाच वाजता जिन्यात सात पोरं असतात. प्रत्येकाच्या मांडीवर तेच चुकीचं पुस्तक. सोळाव्या पानावर जंगलातल्या प्राण्यांची सभा भरते, साळिंदर टोचतं म्हणून त्याला हाकलतात, आणि "साळिंदर एकटंच निघून गेलं" इथे फर्मा संपतो. मग सोळा पानं माझ्या चुकीच्या कविता. आणि तेहतिसाव्या पानावर सगळे प्राणी साळिंदराच्या बिळात दाटीवाटीनं बसलेत, हसताहेत, आणि कोणाला काटा टोचत नाही.

मधे काय झालं, हे कोणालाच माहीत नाही. खरा फर्मा बाइंडिंगखान्यात पडलेला असेल. मागितला तर फोरमन देईल. मी मागितलेला नाही.

पोरांना मी एकच अट घातली आहे. मधे काय झालं ते कोणीही सांगावं, पण पुढच्या पानांतल्या एका तरी वाक्यावर बोट ठेवून. पेपरवाल्याचा थोरला म्हणाला, "साळिंदरानं सगळ्यांना टोचून टोचून सरळ केलं असेल."

"बोट ठेव."

त्यानं अख्खा तिसरा फर्मा वाचला. शाळेत ओळ वाचत नाही म्हणे. बोट ठेवायला जागा सापडली नाही म्हणून रागावला. चष्मेवाली म्हणाली की सिंहानं हुकूम काढला असेल. मी म्हटलं, "सिंह दाखव." सिंह पुस्तकातच नव्हता.

गुंडी चार दिवस नुसती पानं उलटत होती. पाचव्या दिवशी चौतिसाव्या पानावर बोट ठेवलं. तिथे ससा म्हणतो, "मला वाटलं नव्हतं, तू आम्हाला आत घेशील." तिनं ते अडखळत वाचलं, पण एकटीनं वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे तेच आले होते, जागा मागायला. घाबरत घाबरत. आणि साळिंदरानं विचारलंच नाही, की तेव्हा मला का हाकललं."

पेपरवाल्याचा थोरला म्हणाला, "कशावरून विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर ससा असा पसरून बसला असता का? चित्र बघ ना."

हे माझ्या पोरीनं वाचनातून काढलं. फळ्यावरून उतरवलं नाही.

कवितांचंही वाया गेलं नाही. त्यांतली एक तिला पाठ आहे:

खुर्चीला पाय चार,
तरी जात नाही फार.
बसणारा उठून जातो,
खुर्ची बघते दार.

पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती आमच्या दाराकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पुढची वाच." वाचली.

दाखला काढलेला नाही.

आई

१८ मार्च

मुला,

या वेळी चार ओळी नव्हत्या. दोन पानं होती. बरं झालं, आग दिसली की माणूस आहे हे कळतं.

तू विचारतोस, "माझ्या मुलीला अडवून धरायचा तुला हक्क काय? मला नऊ वर्षांचा असताना वसतिगृहात सोडलंस, चार वर्षं एका पत्राला उत्तर दिलं नाहीस, आणि आता नातीसाठी तुला माया फुटली?"

माया वगैरे काही फुटलेली नाही. तू विचारलंस ते मात्र खरं आहे, म्हणून खरंच उत्तर देते. वाचताना पाणी पिऊन घे.

तुझे वडील गेले तेव्हा मी दोन पाळ्यांत काम करत होते. तुला बघायला कोणी नव्हतं. वसतिगृहात जेवण होतं, शाळा होती, छप्पर होतं. तुला तिथे टाकलं ही माझी चूक होती असं मी म्हणणार नाही. तशीच वेळ आली तर पुन्हा टाकीन. चुकलं ते त्यानंतर.

तुझं पहिलं पत्र मी तेव्हाच्या फोरमनकडून वाचून घेतलं. "मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे." एवढंच होतं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि वर म्हणाला, "पोरगा शिकायला लागला, आता आईचं नाव घाला पहिलीत." टेबलाभोवतीच्या अकरा बाया हसल्या. त्यांतल्या नऊ जणींनाही वाचता येत नव्हतं, पण हसायला काय लागतं. त्या दिवसापासून मी तुझं पत्र कोणाला दाखवलं नाही.

पाकिटावर तुझं अक्षर असायचं. पत्र आलं म्हणजे पोरगा जिवंत आहे, हात धड आहे, हे मला न फोडता कळायचं. तेवढं मी पुरे मानलं. एका सुट्टीत तू विचारलंस, "पत्रं मिळाली?" मी म्हटलं, "मिळाली." खोटं नव्हतं. तू पुढे काही विचारलं नाहीस आणि त्यानंतर तू घरी फारसा बोललाच नाहीस. मला वाटलं, मोठा झाला.

तेवीस पत्रं आहेत. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली होती, मीच बनवलेल्या. फेब्रुवारीत ती मी वाचली. गुंडी शाळेत गेली की एक-दोन, असे पंधरा दिवस. मला आता कळलं की पहिल्या पत्रावर वॉर्डनची नजर होती आणि दुसरं तू गुपचूप टाकलंस. मोठी मुलं तुझा टॉवेल भिजवून ठेवायची ते वाचलं. तू जेवणाच्या रांगेत मुद्दाम शेवटी उभा राहायचास, ते कोणाच्या भीतीनं, तेही वाचलं. चौदाव्या पत्रात तू लिहिलंस, "आई, उत्तर पाठव. कोरा कागद पाठवलास तरी चालेल."

कोरा कागद. मी बाइंडिंगखान्यात होते रे. दिवसभर माझ्या पायाशी कोऱ्या कागदाच्या कपट्यांचा ढीग असायचा. संध्याकाळी मीच तो झाडून टाकायचे.

माफी मागत नाही. तू देणार नाहीस आणि मला मागता येत नाही, दोघांचा वेळ जाईल. पण हक्काचं विचारलंस म्हणून सांगते. तेव्हा तिथे काय होतं हे मला माहीत नव्हतं. आता तेवीस पत्रांइतकं माहीत आहे. आणि तू तर स्वतः तिथे राहिलेला आहेस. मी न वाचता पाठवलं. तू सगळं ठाऊक असून पाठवतो आहेस. तेव्हा शिस्तीचं मला शिकवू नकोस.

वार्षिक परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्यात तोंडी वाचन पन्नास गुणांचं असतं. निकाल लागला की कळवीन, जसा लागेल तसा.

आई

२१ एप्रिल

मुला,

निकाल लागला. वाचनात तुझ्या मुलीला पन्नासांपैकी शून्य.

हे मला लपवता आलं असतं. प्रगतिपुस्तकावर सही माझी लागते, तुझ्यापर्यंत ते पोचलंही नसतं. पण लपवाछपवी माझी करून झाली आहे. आता शून्य कसं मिळालं ते पुरतं वाच.

सकाळी शाळेच्या फाटकात चष्मेवालीचा चष्मा पडला आणि तिच्याच भावाच्या सायकलखाली गेला. तिला फळा दिसत नाही, पुस्तक नाकाला लावलं तर शाईचे डाग दिसतात. तिचा नंबर आला. उभी राहिली, पुस्तक डोळ्यांपाशी नेलं, लांब नेलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आज हुशारी घरी राहिली." वर्ग हसला. ती रडायला लागली.

गुंडी आपल्या जागेवरून उठली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पुस्तकातली ओळ तिच्या कानात वाचली. चष्मेवालीनं ती मोठ्यानं म्हटली. गुंडीनं दुसरी वाचली. असं अख्खं पान झालं. बाई दोनदा म्हणाल्या, "जागेवर जा." पोर गेली नाही, पान संपेपर्यंत. मग बाईंनी दोघींच्या नावापुढे शून्य घातलं. कॉपी.

हे मला गुंडीनं सांगितलं नाही. चष्मेवालीनं सांगितलं, जिन्यात, नवा चष्मा लावून. गुंडीनं फक्त प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सही कर."

मी सही केली नाही. तशीच शाळेत गेले, मोठ्या बाईंच्या खोलीत. खुर्ची दिली, बसले नाही.

मी म्हटलं, "बाई, वाचता आलं नाही म्हणून शून्य द्या, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण हिला वाचलं म्हणून शून्य कसं?"

"आजी, ती दुसऱ्या मुलीच्या परीक्षेत बोलली. नियम आहे."

"मग तिची स्वतःची परीक्षा घेतली का?"

बाईंनी तक्ता पाहिला. घेतली नव्हती. शून्य घातल्यावर पुढचा नंबर बोलावला होता.

"म्हणजे तुमच्या शाळेत तिचं वाचन कोणी ऐकलेलंच नाही," मी म्हटलं. "आणि शून्य दिलंत ते दुसरीला वाचून दाखवल्याचं. वर्षभर फळ्यावर लिहिता ना, सर्वांशी प्रेमानं वागा म्हणून? एक जण वागली तर तिला कॉपी म्हणता?"

मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आजी, माझ्या हातात असतं तर." मी म्हटलं, "पेन तुमच्या हातात आहे की." त्या हसल्या, पण आकडा बदलला नाही. चौथीत घालताहेत, उपकार केल्यासारखं, शेरा मारून: "वाचनाकडे लक्ष द्यावे. वर्तन सुधारावे."

शेरा गुंडीनं मला वाचून दाखवला. एकदाही न अडखळता.

आता तू म्हणशील, शून्य ते शून्य. म्हण. कागदावर तुझी बाजू जड आहे, माझ्याकडे फक्त पोर आहे. ये आणि तिच्यासमोर बसून ऐक. मग नेतो म्हणायचं धाडस असेल तर नेतो म्हण. दाखला मी काढलेला नाही आणि काढणार नाही.

आई

३० जून

मुला,

तू जिंकलास, त्याबद्दल अभिनंदन. बाप म्हणून स्वतः शाळेत जाऊन दाखला काढलास, हे मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या सहीचा मला फार गर्व झाला होता.

पाच वाजता तू जिन्यात मागे उभा होतास आणि ती वाचत होती, हे मी पाहिलं. तू अख्खा वेळ उभा होतास, हेही पाहिलं. तरी सकाळी गाडी बोलावलीस. तुझी कारणं तू सांगितलीस: पाळ्या बदलतात, खोलीत आणखी तिघं राहतात, मुलगी निदान दोन तासांवर असेल, इतक्या लांब नसेल. त्यांतलं एकही खोटं नाही. तुझ्या वयात माझीही कारणं खरीच होती. म्हणून मी भांडले नाही. तिची ट्रंक मी भरायला घेतली तर ती म्हणाली, "राहू दे, मला येतं."

तुम्ही गेलात आणि मी आठ दिवस खोलीत बसले. नवव्या दिवशी शिंपीकाकांना किल्ली दिली, चष्मेवालीला पुस्तकांची चळत दिली आणि सांगितलं, पाच वाजता जिना तुझा. एका पिशवीत कपडे घेतले. दुसरीत सुई, दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी, खळीचं भांडं आणि चाळीस साळिंदरं. बस बदलत बदलत दुपारी दोनला तुझ्या त्या वसतिगृहाच्या फाटकावर पोचले.

रेक्टरबाई म्हणाल्या, "आजी, भेटीचे दिवस वर्षातून दोनच. नोव्हेंबरचा पहिला रविवार आणि मार्चचा पहिला रविवार. तुमच्या मुलानं फॉर्मवर सही केली आहे."

मी म्हटलं, "मी भेटायला आलेच नाही. तुमच्या वाचनालयाचं कपाट कुठे आहे?"

"का?"

"बघू तर द्या."

कपाटाला काच होती आणि काचेला कुलूप. मुली पुस्तकं फाडतात म्हणून लावलंय म्हणाल्या. मी काचेतूनच सांगितलं, कुठल्या पुस्तकाची शिवण सुटली आहे, कुठल्याचे फर्मे ढिले झालेत, कुठल्याचा पुठ्ठा नुसता लोंबतोय. त्यांना खरं वाटेना. कुलूप उघडलं. एक एक काढून बघत गेल्या, प्रत्येक मी सांगितलं तसंच निघालं.

"एकशे चौदा आहेत," मी म्हटलं. "पगार नको. दोन वेळचं जेवण आणि पाठ टेकायला जागा. मदतीला मुली लागतील, शाळा सुटल्यावर, पाच ते सहा. जी फाडते तीच पाठवा, मला चांगली नकोच."

धोबीखान्यामागे एक कोठार होतं. बादल्या बाहेर काढल्या आणि खाट टाकली. इथे एक टेबल आहे, त्याचे चारही पाय सारखे आहेत.

गुंडी पहिल्या संध्याकाळी आली ती इतर मुलींच्या रांगेतून. मला बघून धावली वगैरे नाही. टेबलाशी आली, कात्री उचलून बोटावर धार बघितली आणि म्हणाली, "आजी, ही बोथट आहे." मग माझ्या डाव्या बाजूला बसली, ती तिची जागा आहे. जवळून पाहिली तर गाल उतरलेले होते. जेवणाच्या रांगेत ती शेवटी उभी राहत होती, हे मला त्याच रात्री स्वयंपाकीणबाईनं सांगितलं. आता ती मधे उभी राहते. मी वाढायलाही मदत करते, तेव्हा बघते.

अट इथेही तीच. जी पान जोडेल तिनं ते मोठ्यानं वाचायचं, मगच दाबाखाली ठेवायचं. नऊ मुली येतात. त्यांत एक अगदी लहान आहे, दिवसभर रडते, तिला अजून अक्षरं नीट ओळखता येत नाहीत. गुंडी तिच्यासाठी पानाच्या मधले तुकडे बाजूला काढून ठेवते, ज्यांवर मोठे ठसठशीत शब्द असतात, आणि कडेचे अवघड तुकडे स्वतः घेते. मी तिला हे शिकवलेलं नाही. तिला विचारलंही नाही.

साळिंदराची चाळीस पुस्तकंही वाटून झाली. काल रेक्टरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मधे काय झालं असेल यावर त्यांचंही एक मत आहे. बोट मात्र ठेवता येत नाही, तिसरा फर्मा वाचताहेत.

तू पोरीला पत्र लिहीन म्हणालास. लिही. या महिन्यात एकही आलेलं नाही, आणि मी रोज टपालाची पिशवी बघते. कमी-जास्त काही लिहू नकोस, कसा आहेस ते लिही. दोघी वाचू.

इथे आत येणाऱ्या प्रत्येकाला फाटकावरच्या वहीत नाव लिहावं लागतं. शेजारच्या रकान्यात नातं लिहायचं असतं. मी तिथे "बाइंडर" लिहिलं. रखवालदार म्हणाला, हे नातं नाही. मी म्हटलं, माझं आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दहा वाजता ये. फाटकावर नाव सांग, थांबवतील, थांब. भेटीचे दोन दिवस पालकांसाठी आहेत, एक तास देतात. मला वेळ मागावा लागत नाही. मी आतच असते.

आई